साखरेच्या डब्याला टेकवलेला फोन

त्या दिवशी सकाळी मी आणि माझी बायको मटर सोलत बसलो होतो. वाटाणे म्हणा, पण जबलपुरात मटरच म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. माझा साळा सिहोऱ्याला राहतो. त्यानं आदल्या दिवशी बसच्या टपावर टाकून एक बोरी पाठवली होती. अर्धी शेजारीपाजारी वाटून झाली, अर्धी आमच्या पुढ्यात. माझे गुडघे गेलेत म्हणून मी पाटावर, ती खाली मांडी घालून. मधे परात. परातीपलीकडे साखरेचा डबा, डब्याला टेकवलेला तिचा फोन, आणि फोनात आमची पोरगी.

रोज सकाळी सातला पोरीचा फोन येई. ऑस्ट्रेलियात तेव्हा दुपारचे साडेबारा वाजतात, पोरीच्या क्लासची जेवणाची सुट्टी असते. ती तिकडे डबा खाई आणि इकडे आईशी बोले. मी स्वतःहून पोरीशी बोलत नसे. मी रागात होतो. ती जाऊन सव्वा वर्ष झालं तरी रागातच होतो.

"आई, काय करून राहिली?"

"दिसत नाही का तुले? मटर सोलून राहिली. आणि तुझे बाबा खाऊन राहिले."

"चोरून खातात?"

"चोरून कायले खाऊ?" मी म्हणालो. "माझ्या साळ्याचे मटर आहेत."

"तो माझा भाऊ आहे आधीपासून," बायको म्हणाली. "तुमचा साळा मागून झाला. हात बाजूला घ्या जी."

पोरगी हसली. मग घसा साफ करून, पाठ केल्यासारखं बोलली, "आई, तुझी प्रकृती कशी आहे?"

माझी बायको एवढी हसली की परात हलली. "प्रकृती! अवं, आपल्यात कोण म्हणते असं? तब्येत म्हण. 'आई, तब्येत बरी हाय का वं' म्हण."

"आई, तब्येत बरी हाय का वं?"

"हाय वं माय, बरी हाय."

एवढंच. फोन बंद झाला. बायकोनं शेंगांची फोलपटं गोळा करून गाईसाठी टोपलीत टाकली, आणि अर्धी परात दुपारी करू म्हणून झाकून ठेवली.

दुपारी चार वाजता ती मेली.

मी असंच लिहितो. कोणाला कडू लागलं तर लागू दे. वाळलेले कपडे आणायला गच्चीवर जात होती, तिसऱ्या पायरीवर बसली. म्हणाली, "जी, पाणी द्या." मी पाणी आणलं तेव्हा पिणारी नव्हती. गल्लीतला डॉक्टर आला, त्यानं हात धरला, सोडला. हात इतका हळू खाली ठेवला की मला कळलं.

आता माझा राग काय होता ते सांगतो. नाही तर लोक म्हणतात, म्हातारा उगीच भुंकतो.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. मी चौथी शिकलो, मराठी शाळेत. विसाव्या वर्षी जबलपुरात आलो, कारखान्यात लेथ मशीनवर लागलो आणि लेथवरूनच म्हातारा होऊन बाहेर पडलो. बायको शाळेत गेलीच नव्हती. विहारातल्या बायकांनी तिला अक्षरं शिकवली, ती लग्नानंतर. पोरगी एकच. हिंदी शाळेत शिकली, हिंदीत एम.ए. झाली, एका खाजगी शाळेत हिंदीची मास्तरीण झाली. आम्ही मराठीत बोललो तर ती हिंदीत उत्तर द्यायची. "बेटा, जेवली का?" "हाँ बाबा, खा लिया." आम्हाला त्यात काही वाटत नव्हतं. इथं सगळ्यांच्या घरी असंच आहे. पोरांना मराठी समजते, पण तोंडातून निघत नाही.

त्या शाळेत सगळा कारभार इंग्रजीत. मीटिंग इंग्रजीत, नोटीस इंग्रजीत, पोरांना रागवायचं तेही इंग्रजीत. एके दिवशी एका पोराची आई आली आणि मोठ्या मॅडमसमोर पाच मिनिटं इंग्रजीत बोलली. आमची पोरगी मान हलवत राहिली, यस यस म्हणत राहिली. मागून कळलं, ती बाई हिचीच तक्रार करत होती. स्वतःच्या तक्रारीला पोरीनं यस यस म्हटलं होतं. घरी आली ती जेवलीच नाही. तिची आई बाजूला बसून राहिली, मग उठली आणि म्हणाली, "जा तू. जिथं ते लोक राहतात तिथंच जाऊन शीक."

मी म्हटलं, "काहून? बड्या फुहाऱ्याच्या बाजारात दर चौथ्या दुकानावर पाटी आहे, तीस दिवसांत इंग्रजी बोला. दीक्षितपुऱ्यात एक मास्तर आहे, तो तर घरी येऊन शिकवते."

"दोन वर्षं गेली ना ती त्या मास्तराकडे," बायको म्हणाली. "तो मास्तर स्वतःच अटकते. पोहणं शिकाले नदीत जा लागते. हौदात नाही."

मग आम्ही त्या परदेशात पाठवणाऱ्या एजंटाकडे गेलो. गळ्यात टाय, वय असेल पंचवीस. त्यानं चकचकीत कागद पुढं सरकवला. सगळी पोरं हिरवळीवर बसून हसत होती. "अंकल जी, सिर्फ इंग्लिश नहीं है। पर्सनालिटी खुलती है। कल्चर समझ में आता है।"

मी म्हटलं, "हमारी लड़की की पर्सनालिटी को क्या हुआ है? बंद है क्या? डिब्बा है?"

बायकोनं टेबलाखालून माझा पाय दाबला.

पैसा पोरीनं स्वतःच्या नोकरीतून साठवला होता, म्हणून तिथं माझं काही चाललं नाही. बड्या फुहाऱ्यावरून बॅग आणली, स्वेटर आणले, त्या दोघी बाजारभर हसत फिरल्या, मी मागून पिशव्या धरून. पोरगी जायच्या आधी तीन महिने मी तिच्याशी बोललो नाही. स्टेशनवर पण नाही. ती वाकून पाया पडली, मी डोक्यावर हात ठेवला, तोंड उघडलं नाही. हे मी लपवत नाही.

आणि तिथं जाऊन काय शिकली? पहिली गोष्ट, नाही म्हणायला शिकली. माझ्या साळ्यानं तिच्यासाठी एक स्थळ आणलं होतं. पोरगा रेल्वेत, घर नागपूरला. पोरीनं फोनवर सांगितलं, "मामाजी, मला आता लग्न नाही करायचं. तुम्ही विचारलं, धन्यवाद." साळा माझ्याकडे पाहत राहिला. आमच्यात नाही असं तोंडावर म्हणत नाहीत. पाहू म्हणतात, घरच्यांना विचारतो म्हणतात, पत्रिका नसली तरी पत्रिका जुळत नाही म्हणतात. मी ओरडलो, "हेच शिकाले गेली का तिथं?" तर फोनातून म्हणते, "हां बाबा, हे पण. सरळ बोलायचं. पहले मुझे भी नहीं आता था."

दुसरी गोष्ट ऐका. तिच्या क्लासात देशोदेशीचे लोक. एक व्हिएतनामची बाई, पन्नाशीची, तिला हॉटेल उघडायचं आहे. एक कोलंबियाचा पोरगा. मला कोलंबिया कुठं आहे ठाऊक नाही, माझ्या बायकोला ठाऊक होतं. एके दिवशी मास्तरणीनं सांगितलं, तुमची आई तुमच्याशी जे बोलते, त्यातलं एक वाक्य तिच्याच भाषेत बोला आणि मग त्याचं इंग्रजी करा. व्हिएतनामची बाई बोलली. कोलंबियाचा बोलला. आमची उभी राहिली आणि हिंदी निघाली. मास्तरणीनं विचारलं, ही तुझ्या आईची भाषा? ही म्हणाली, नाही. मग आईची कोणती? ही म्हणाली, ती मला समजते, येत नाही. सगळ्यांसमोर. खाली बसली आणि रडली म्हणे.

त्या दिवसापासून तिचं सुरू झालं. आई, छीलना को क्या बोलते हैं? आई, चौखट म्हणजे काय? इंटरनेटवरून पुस्तकी मराठी पाठ करायची, आणि आई ती सोलून आपली करून द्यायची. रोज सात वाजता. शिकवणारी कोण, तर जिला विहारातल्या बायकांनी अक्षरं शिकवली होती ती.

मी म्हणायचो, "मराठी शिकाले समुद्र ओलांडून गेली! इथं तीस वर्षं मराठी चुलीपुढं बसून होती, तेव्हा नाही दिसली!"

बायको म्हणायची, "घरात बसून घर दिसत नाही जी. तुम्हाले तरी कुठं दिसते?"

ते खरं होतं, म्हणून माझा राग आणखी वाढला. 

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहितो आहे.

दिवाळीच्या आधी बायकोला छातीत दुखलं. दोन रात्री दवाखान्यात ठेवलं. पलंगावरूनच तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "तिले सांगायचं नाही. परीक्षा होईपर्यंत काहीही झालं तरी सांगायचं नाही. ती येऊन जाईन आणि सारं तसंच राहीन. माझी शपथ." मी हो म्हटलं. दोन दिवस सात वाजता फोन मी उचलला. आई विहारात गेली. आई झोपली. पोरगी म्हणाली, "सकाळी सात वाजता आई झोपली?" मी म्हटलं, "काहून, माणूस झोपत नाही का?" आणि ठेवून दिला.

म्हणून त्या संध्याकाळी सगळे जमले तेव्हा तोच प्रश्न पुढं आला. साळा सिहोऱ्याहून पहिल्या बसनं आला. भंडाऱ्याचे लोक सकाळी पोचणार होते, म्हणून माती सकाळी दहाला ठरली. तिला मधल्या खोलीत ठेवलं, उशाशी मेणबत्ती लावली, आणि आम्ही माणसं बाहेर खुर्च्यांवर बसलो. पोरीची परीक्षा नऊ दिवसांवर होती.

साळा म्हणाला, "भाऊजी, पोरीले आत्ता सांगू नका. ती तिथं एकटी. ऐकून काही करून घेईन. पोचणार तर नाहीच दहापर्यंत. परीक्षा बुडन, व्हिसाचं लफडं होईन. बाईनंच सांगितलं होतं ना तुम्हाले?"

"शपथ घातली होती," मी म्हटलं.

"मग झालं. नऊ दिवस काढा. तब्येत बरी नाही म्हणत राहा, थोडं थोडं वाढवत न्या. मग सांगू."

शेजारचा म्हातारा बसला होता, तो म्हणाला, "समुंदर पार भेज दी, अब कंधा कौन देगा?"

"तुम्ही दोन खांदे घेऊन आले ना?" मी म्हटलं. "एक द्या."

पण साळ्याला मी हो म्हटलं. हे ऐका नीट. मी हो म्हटलं. माझी बायको आत पडली होती आणि मी बाहेर बसून नऊ दिवसांच्या खोट्याला मान हलवली. पोरीनं त्या शाळेत हलवली होती तशीच.

आणि मला ठाऊक होतं ते काय असते. मी कारखान्यात नवीन होतो तेव्हा गावाहून तार आली होती. बाप आजारी, लवकर निघ. मी सुट्टी टाकली, गाडीत उभा राहून गेलो. गोंदियाला उतरून बापासाठी मोसंबी घेतली. डॉक्टर मोसंबीचा रस सांगतात, म्हणून चांगली निवडून, दाबून पाहून घेतली. गावात पोचलो तर बाप जाऊन तीन दिवस झाले होते. राख थंड होती. तार लिहिली तेव्हाच तो मेलेला होता. आमच्यात तसंच लिहितात, मेला लिहीत नाहीत, आजारी लिहितात. म्हणे वाटेत धसका बसू नये. सगळे माझ्या भल्यासाठी खोटं बोलले होते. मी हातात मोसंबीची पिशवी घेऊन अंगणात उभा. कोणाला देऊ? चुलत्याच्या पोरांनी खाल्ली. त्या दिवसापासून मी मोसंबी खाल्ली नाही. बायकोनं एकदा विचारलं होतं, तिला एकटीलाच सांगितलं होतं.

तिनं ते ऐकलं होतं. आणि तरी मला शपथ घातली. हा माझा तिच्यावरचा राग आहे. मेली म्हणून सोडून देणार नाही.

रात्र कशी गेली ते सोडा.

सकाळी सहाला भंडाऱ्याचे लोक आले. बायका आत रडू लागल्या. मी स्वयंपाकघरात गेलो. परात तिथंच होती, झाकलेली. अर्धे मटर सोललेले, अर्ध्या शेंगा तशाच. शेल्फवर साखरेचा डबा. तिचा फोन मी खिशात ठेवला होता.

सात वाजता वाजला.

साळा दारात उभा होता. म्हणाला, "द्या, मी बोलतो. म्हणतो बाई दवाखान्यात दाखल आहे."

"दवाखान्यात?"

"हौ. तिथूनच सुरुवात करू."

मी त्याच्याकडे पाहिलं. चांगला माणूस आहे. मटर पाठवतो. रात्रभर बहिणीपाशी बसला होता. तरी मला त्याच्या हातात मोसंबीची पिशवी दिसली, आणि माझ्या पोरीचे हात ती घ्यायला पुढं झालेले दिसले.

"बाजूला सर," मी म्हटलं आणि फोन उचलला.

पोरगी बाकावर बसली होती, डबा उघडलेला, मागं झाड. बाजूला ती व्हिएतनामची बाई, तिच्या हातात दोन काड्या. पोरीनं मला पाहिलं आणि तोंडातला घास थांबला. सातला मी कधी उचलत नव्हतो. एकदाच दोन दिवस उचलला होता.

"बाबा? आई कुठं आहे?"

साळ्यानं माझा दंड धरला.

मी म्हटलं, "बेटा, आई मेली. काल दुपारी चार वाजता. पायरीवर बसली आणि गेली. मी जवळ होतो, पण पाणी घेऊन पोचेपर्यंत गेली."

तिकडे डबा खाली पडल्याचा आवाज आला.  

"आधीपासून काही होतं का?" तिनं विचारलं. मराठीत.

"होतं. दिवाळीच्या आधी दोन दिवस दवाखान्यात होती. तुला विहारात गेली सांगितलं, ते खोटं होतं. तिनं शपथ घातली होती. पण तोंड माझं होतं, खोटं मी बोललो."

"मला का नाही सांगितलं?" ती ओरडली. "बाबा, का नाही सांगितलं मला?" एवढ्या जोरात, की आतल्या बायकांचं रडणं थांबलं. माझ्या पोरीनं माझ्यावर आवाज चढवला नव्हता कधी. मी ऐकून घेतलं. 

साळा पुढं वाकला, "बेटा, तू परीक्षा दे, आईची इच्छा..."

"मामाजी, ते मी पाहीन. परीक्षेचं मी ठरवीन. तुम्ही नका ठरवू." मग मला म्हणाली, "आई घरी आहे अजून?"

"आहे. दहाला न्यायचं आहे."

"मला तिच्याजवळ न्या."

मी आत निघालो तर भंडाऱ्याची माझी चुलतबहीण आडवी आली. "दादा, मढ्यापाशी फोन? लोक काय म्हणतीन?"

"लोकांनी काल पाणी नाही आणलं," मी म्हटलं. "हट."

मला फोन नीट धरता येईना. फोन धरला तर कधी छत दिसे, कधी मेणबत्ती. पोरगी म्हणाली, "बाबा, दिसत नाही." मी पुन्हा स्वयंपाकघरात गेलो आणि साखरेचा डबा घेऊन आलो. बायका बघत राहिल्या. मी गुडघे धरून खाली बसलो, डबा तिच्या चेहऱ्याजवळ ठेवला आणि रोज ती टेकवायची तसा फोन डब्याला टेकवला.

पोरीनं आईला पाहिलं. ती व्हिएतनामची बाई मागून आली होती. तिला काय चाललं ते कळत होतं की नाही ठाऊक नाही, पण तिनं काड्या खाली ठेवून पोरीच्या पाठीवर हात ठेवला होता.

मग पोरगी बोलू लागली. मराठीत. अडखळत, मधे हिंदी येई, मग थांबून शब्द शोधी आणि पुन्हा मराठीत जाई. काय बोलली ते माझं नाही, म्हणून लिहीत नाही. खोलीत बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. साळा भिंतीला टेकून खाली बसला.

बाहेर गाडी येऊन लागली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कोणीतरी म्हणालं, लवकर आला, नऊच वाजले. पोरगी अजून बोलून राहिली होती. तिची जेवणाची सुट्टी केव्हाची संपली होती.

साळ्याच्या पोरानं येऊन विचारलं, "फूफाजी, गाड़ी वाला पूछ रहा है, कितना टाइम?"

"त्याले सांग, थांब," मी म्हटलं. "आईशी बोलून राहिली."

आणि मी स्वयंपाकघरातून परात आणली, राहिलेल्या शेंगा पुढ्यात घेतल्या आणि सोलत बसलो.